पवळ्याचं नाव

आंबिलीचा दुसरा वाडगा हातात घेताना आदिनाथ सीए सहज बोलून गेले, "चव तीच आहे, अव्वा. तेवढं तेलाचं वाईट वाटतं. पुढच्या येळवशीला ते काही या नावानं मिळायचं नाही."

शांतम्मा पालेभाज्यांची भज्जी वाढत होती. तिचा हात तसाच थांबला.

"कामून?"

आदिनाथांनी तिच्या मुलाकडे, मृत्युंजयकडे पाहिलं. मृत्युंजय बाजरीचा उंडा कुस्करत होता, तो कुस्करतच राहिला. कडब्याच्या खोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगडी पांडव शाल पांघरून बसले होते. बाजूला नांदेडहून आलेला धाकटा दीर मन्मथ मांडी घालून जेवत होता. त्यानेही मान वर केली नाही.

"मला वाटलं, घरी बोलणं झालं असेल," आदिनाथ अवघडून म्हणाले.

"न्हाई झालं. तुमी बोला."

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर रिकामं होतं. दुकानांना कुलपं लागतात, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि ज्याच्याकडे शेत नाही तोसुद्धा कुणाच्या तरी बांधावर जेवत असतो. आदिनाथ असेच दर साली ममदापुऱ्यांच्या रेणापूरच्या शेतात यायचे. त्यांच्या तेलाच्या कंपनीचे हिशेब तेच बघत. शांतम्माच्या पहिल्या येळवशीला याच जागी याच तोंडाची खोप होती. सासरे हयात होते. नवरा आंबिलीची छोटी घागर, बिंदगी, घेऊन पिकावर शिंपडत पुढे चालला होता आणि अकरा वर्षांचा मन्मथ घाण्याच्या बैलाला उंडा भरवत होता. बैलाचं नाव पवळ्या. त्याने उंड्याबरोबर मन्मथची टोपीही तोंडात धरली होती, आणि सगळं शेत हसलं होतं.

"कंपनी निबंधकाची नोटीस आहे," आदिनाथांनी वाडगा खाली ठेवला. "प्रायव्हेट लिमिटेड केली की दर वर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण सरकारकडे भरावं लागतं. आपण दोन वर्षं भरलं नाही. सरकार समजतं, कंपनी बंद पडली. सोमवारपर्यंत कुणी 'चालू आहे' असं कळवलं नाही, तर पवळ्या ऑइल मिल्सचं नाव रजिस्टरमधून काढून टाकतील. मग खातं गोठणार, तेलाचा परवाना जाणार."

"आन् नाव?"

"नाव अडकून पडतं. ते दुसऱ्या कंपनीलासुद्धा वीस वर्षं देत नाहीत."

शांतम्माने पळी पातेल्यात सोडली. "वीस वर्सांनी मी कितीची होईन?"

"अव्वा, आता तू कशाला..." मृत्युंजयने तोंड उघडलं.

"शहाण्णव," मन्मथ ताटाकडे बघत पुटपुटला.

"मग थांबले असते की. पण मला घाई हाय." ती पोराकडे वळली. "मृत्युंजया, घाणा तर कालपरवापर्यंत फिरत हुता. बंद कधी पडला रे?"

मृत्युंजयने हात धुतले. खोपीजवळ बोलायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. संक्रांत झाल्यावर, नव्या नावाची छापील पाकिटं हातात आल्यावर, अव्वाला जवळ बसवून सांगणार होता. आता पंगतीतच सांगावं लागलं.

"बंद न्हाई पडला. नवी कंपनी काढून राहिलो. मी आन् चिकप्पा." त्याने काकाकडे, मन्मथकडे, मान वळवली. "नाव बी मंजूर झालं, कुसुमवेद. मशिनी तिकडं जातील, बायाबी तिकडंच कामाला येतील. तेल तेच. फक्त नाव बदलायचं."

"आन् जुनी?"

"जुनी सरकार आपसूक बंद करतंय. आपल्याला काही करावं लागत न्हाई."

"म्हंजे तुला ठाऊक हुतं. मुद्दाम भरलं न्हाईस."

"मुद्दाम कुठं? दिवाळीला सहीची काडी कुणी भिजवली, ते सांग की आधी!"

आदिनाथांना हसू आवरलं नाही. ममदापुऱ्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाला चोपड्या, तराजू आणि तेलाचं माप मांडायची रीत होती. कंपनी झाल्यापासून त्यात ती डिजिटल सहीची काडीही बसू लागली, कॉम्प्युटरला लावली की कंपनीचे कागद सरकारकडे जायचे ती. दोन दिवाळ्यांपूर्वी शांतम्माने तिला बाकीच्या पूजेसारखीच वागवली. दुधापाण्याने धुतली, तोंडात विभूती भरली, वर कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी काडी लागेना.

"भिजवली मीच," शांतम्मा म्हणाली. "घरात जे कामाचं हाय त्याची पूजा व्हावी मनून. पण नवी काडी मिळत न्हाई का, साहेब?"

"दोन दिवसांत मिळते. मी मृत्युंजयदादांना चार वेळा फोन केला होता."

उत्तर मृत्युंजयजवळ होतं, पण ते आईला कसं सांगायचं? शाळेत मास्तरने हजेरीला नाव घेतलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "पवळ्या आला रे, वैरण टाका." दुकानावर पाटी बैलाची, डब्यावर चित्र बैलाचं. कॉलेजात गेला तरी लातूरच्या पोरांना ते माहीत होतंच. आणि मागच्या साली पुण्याच्या एका मोठ्या मॉलमध्ये त्याने महत्प्रयासाने माल ठेवला. महिन्याने बघायला गेला तर करडीच्या तेलाचे डबे सरकी पेंडीच्या शेजारी लावलेले. तिथली पोरगी म्हणाली, "सर, हे जनावरांचंच आहे ना?" त्या रात्री पुण्याहून परत येताना गाडीत त्याने ठरवून टाकलं होतं.

"अव्वा," तो आता शांतपणे म्हणाला, "लोक त्याला पशुखाद्य समजतात. मी पन्नाशी गाठली. मला बैलाच्या नावानं धंदा करायचा न्हाई. एवढं तरी माज्या मनासारखं करू दे."

शांतम्माला त्याचं वाईट वाटलं. शाळेतलं ते चिडवणं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, पण पोरगं एका साली दुकानाकडे यायचं बंद झालं होतं हे तिने पाहिलं होतं आणि कारणही ताडलं होतं. वाईट वाटलं तरी ती हलली नाही.

"ते नाव कसं पडलं ठाऊक हाय तुला?"

"ठाऊक हाय. सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"सुकन्याला सांगते मग."

सुकन्या, मृत्युंजयची बायको, खोपीमागे खिरीचं पातेलं उतरवत होती. ती पदराला हात पुसत पुढे आली. तिलाही ती गोष्ट पाठ होती, पण सासू सांगायला लागली की ऐकायची तिला सवय होती.

रेणापूरचा घाणा लातूरला गंजगोलाईच्या गल्लीत आला तेव्हा पाटी रंगवायची होती. नवऱ्याच्या मनात वडलांचं नाव होतं, मलप्पा तेल भांडार. पण गल्ल्यावर बसणार होती शांतम्मा. नवरा दिवसभर घाण्यावर आणि बाजारात. गिऱ्हाईक विचारणार, बाई, दुकान कुणाचं? ती सांगणार कसं? सासऱ्याचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. पेंटर ब्रश धरून ताटकळला होता. तेव्हा शांतम्मा म्हणाली होती की ज्यानं आजवर तेल काढलं त्याचं नाव लिहा, ते मला घेता येतं. पवळ्या तेव्हा म्हातारा होऊन दावणीला बसला होता. नवरा आधी रागावला, मग हसला, आणि पाटी लागली. पुढे कंपनी करताना आदिनाथांनी भीत भीत तेच नाव मंजुरीला पाठवलं. लगेच मिळालं. देशात दुसऱ्या कुणाला ते नको होतं.

"गोष्ट चांगली हाय," मृत्युंजय म्हणाला, "पण कागुदावर सही मीच करणार, आन् मी करत न्हाई. सोमवार जाऊ द्या. विषय संपला."

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. आदिनाथ खाकरले.

"दादा, सही तुमचीच लागते असं नाही."

"म्हंजे?"

"संचालक तिघे आहेत. तुमच्या वडलांच्या, बापूंच्या माघारी तुम्ही, अव्वा, आणि सुकन्याताई. ताळेबंदावर यांतल्या कुठल्याही दोघांची सही चालते. नोटिशीला उत्तर तर एकानं दिलं तरी पोचतं."

पलीकडच्या शेतात कुणाची तरी पोरं ओरडत होती.

"मी?" सुकन्या म्हणाली.

"तुम्ही. पहिल्या दिवसापासून."

सुकन्याला ती दुपार आठवली. ती चुलीवर भाकरी थापत होती, हाताला पीठ होतं. मृत्युंजय कागद घेऊन आला, म्हणाला बँकेचं हाय, इथं इथं कर. तिने कोपराने केस मागे सारून सह्या केल्या होत्या. त्यानंतर बारा वर्षं अहमदपूरच्या मोंढ्यात करडीचं बी दाताखाली फोडून बघत ती उभी राहिली. अडत्यांशी भांडली, घाण्यावरच्या बायांच्या पाळ्या लावल्या, आणि कुणी विचारलं तर "मालकाला विचारून सांगते" म्हणाली.

"बारा वर्सं मी डायरेक्टर हाय, आन् मला आज येळवशीला कळतंय?"

"अगं, कागुदावर असावं लागतं कुणीतरी. नावापुरतं."

"नावापुरतं!" ती मोठ्याने हसली. "नाव तर तुमाला नको झालंय. मग ज्या नावापुरत्या हायत त्यांनीच बगावं की नावाचं."

मन्मथला ठसका लागला. मृत्युंजयने बायकोकडे असं पाहिलं की एरवी ती गप्प बसली असती.

"तू मधी पडू नको, सुकन्या."

"मधी कुठं? मी आतच हाय. साहेब सांगून राहिले न्हाईत का? आन् ते पाकीट पेंडीजवळ लावलं मनता, तर तुमी पाटी बदलायची सोडून घरच बदलायला निघालात. डब्यावर मोठ्या अक्षरात 'खाण्याचं तेल' लिवा मनून मी दोनदा बोलले. ऐकलं का?"

"चिकप्पा, तुमी सांगा हिला," मृत्युंजय वळला. "अर्धी जबाबदारी तुमची हाय."

मन्मथ कधीच कुणाच्या मध्ये पडत नसे. नांदेडला त्याचं किराणा दुकान होतं. थोरल्या भावाच्या घरात जे ठरेल त्याला हो म्हणायचं, ही त्याची आयुष्यभराची चाल. पुतण्या नवी कंपनी काढू म्हणाला, तेव्हाही त्याने हो म्हटलं होतं. पण आता त्याने ताट बाजूला सारलं.

"मृत्युंजया," तो हळू म्हणाला, "तू मला मनला हुतास, अव्वाला इचारलंय, ती खूश हाय."

"सांगणारच हुतो की."

"ते न्हवं. 'इचारलंय' मनलास तू. तुज्या त्या शब्दावर मी दस्तखत केलं."

शांतम्मा त्याच्याकडे बघत होती. लग्न होऊन ती आली तेव्हा या दिराला आई नव्हती. त्याच्या डोक्याला तेल तिनेच लावलं, तेही घाण्यावरचंच.

"मन्मथा," ती म्हणाली. एरवी ती त्याला भावजी म्हणायची. "तुला काय वाटतं ते बोल. माजं मन राखू नको, ह्याचं बी न्हाई."

मन्मथने धोतराचा सोगा सरकवला आणि नडगीवरचा जुना वण उघडा केला. "ही पवळ्याची लाथ. डोळ्यावरची झापड नीट बांधली न्हाई मनून मारली हुती. त्या दिवशी दादा मला मनला, रडू नको, त्यानं मारलं ते बरोबर हाय, तुजी चूक. वैनी, मला काय वाटतं इचारता? मला त्या बैलाची अजून भीती वाटती. त्याचं नाव पुसायला माजा हात न्हाई लागायचा. कुसुमवेदातून मला काढ, मृत्युंजया."

"म्हंजे सगळे एका बाजूला!" मृत्युंजय उठला. "करा मग. पण साहेब, त्यांना बी सही लागंल ना, तुमची ती डिजिटल? दोघींच्या काड्या कुठं हायत?"

"काढाव्या लागतील. आता फोनवरच होतं. कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगायचं, की पडताळणी झाली."

"पूर्ण नाव?"

"कार्डावर आहे तसं."

मृत्युंजय जरासा हसला. सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. जनगणनेचा मास्तर असो, दवाखाना असो की तहसील, बाई, तुमचं पूर्ण नाव? म्हटलं की शांतम्मा मागे वळून बघायची आणि मृत्युंजय पुढे होऊन सांगायचा. नवरा जाऊन सहा वर्षं झाली तरी ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"मी सांगितलं तर चालतंय का, साहेब?" त्याने मुद्दाम विचारलं.

"नाही. त्यांचाच आवाज लागतो, तोंडही दिसावं लागतं."

"मग ऱ्हायलं."

शेतात रेंज फक्त विहिरीच्या काठावर यायची. सगळे तिकडे गेले. सुकन्याचं आधी झालं. ती काठावर ताठ बसली. सुकन्या मृत्युंजय ममदापुरे, असं तिने नवऱ्याकडे बघत खणखणीत सांगितलं. नवऱ्याचं नाव घ्यायला तिच्या पिढीला काही वाटत नव्हतं. मग ती उठली आणि तिने सासूला जागा दिली.

शांतम्माने पदर डोक्यावर नीट घेतला. फोनच्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं. ते तिला तिच्या आईसारखं वाटलं.

"बोला अव्वा," आदिनाथ म्हणाले.

"शांतम्मा."

"पूर्ण सांगा."

ती गप्प झाली. फोनवरचा वेळ संपला. आदिनाथांनी पुन्हा लावला. पुन्हा "शांतम्मा", आणि पुन्हा गप्प.

"उगं छळू नका तिला," मृत्युंजय बाजूने म्हणाला. आवाज मऊ होता आणि त्यात खोटं काही नव्हतं. "अव्वा, ऊठ. पन्नास-साठ वर्सं पाळलंस. आता ह्या कागुदासाठी कशाला मोडतीस? ऊठ, खीर खाऊ."

सुकन्या सासूजवळ सरकली. तो बरोबर ठिकाणी बोलला होता. उत्तर तिला एकटीला देता आलं असतं, पण ताळेबंदावर एकटीची सही चालणार नव्हती.

शांतम्मा विहिरीत बघत होती. ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याने ही विहीर खणली होती. खणताना ती वरून भाकरीचं गाठोडं सोडायची आणि हाक मारायची, "आवं, ऐकलं का?" आत चार माणसं असायची, तरी बरोबर तोच वर बघायचा. नावावाचून तिचं कधी अडलं नव्हतं. आज अडलं होतं. आणि अडवणारा तिचाच पोरगा होता, तिच्याच रीतीचा खुंटा करून तिला त्याला बांधत होता.

"लावा," ती म्हणाली.

आदिनाथांनी फोन समोर धरला.

"शांतम्मा," ती म्हणाली. श्वास घेतला. "शांतम्मा सिद्धराम ममदापुरे. ऐकू गेलं का, का आजून एकदा सांगू?"

मन्मथने डोळे मिटून कपाळाला हात लावला. सुकन्या हसू की रडू अशा तोंडाने उभी राहिली. फोनवर हिरवी खूण आली.

"झालं," आदिनाथ म्हणाले.

मृत्युंजयमधला व्यापारी जागा झाला.

"अव्वा, आता तर तुला नावं घेता येतात."

"येतात."

"मग बैलाचं कारणच ऱ्हायलं न्हाई. कंपनी जिती ठिवू. मीबी सही करतो. फक्त नाव बदलून आज्ज्याचं लावू, बापूच्या मनात हुतं तसं. नाव बदलता येतं ना, साहेब?"

"येतं," आदिनाथांना कबूल करावं लागलं. मुद्दा सरळ होता.

शांतम्मा काठावरून उठली. गुडघा धरला होता, म्हणून तिने मृत्युंजयच्याच दंडाचा आधार घेतला आणि तो सोडलाही नाही.

"तवा मला दुसरं नाव घेता येत न्हवतं, मनून त्याचं ठिवलं. हे तुजं खरं हाय. आज मला सगळी नावं घेता येतात. आन् सगळी घेऊन बगून मी त्याचंच ठिवून राहिले. तवाचं माज्या अडचणीचं हुतं. हे माज्या मनाचं हाय."

"आन् माजं मन?"

"तुला चिडवत हुते, ते मला ठाऊक हाय. त्या पोरांची नावं सांग, आजबी जाऊन इचारते एकेकाला." तिने त्याचा दंड दाबला. "पण नाव निघायचं न्हाई, मृत्युंजया. साहेब, कंपनीच्या सभेत बोललेलं लिवून ठिवावं लागतंय ना?"

"लागतं."

"मग लिवा, ह्याचा इरोध हाय. चोरून न्हाई, वर तोंड करून हाय. तसंच लिवा. आन् खाली आमा दोघींच्या सह्या."

मृत्युंजयने दंड सोडवून घेतला नाही. "इरोध म्होटा लिवा," तो आदिनाथांना म्हणाला.

"आन् हे दर साली भरायचं असतंय?" शांतम्माने विचारलं.

"दर साली. पावसाळा सरता सरता सभा घ्यायची, मग दिवाळीच्या आगेमागे ताळेबंद, त्यामागून विवरण. शिवाय संचालकांनी आपण आहोत, पत्ता हाच आहे, हेही मधून मधून कळवत राहायचं."

"म्हंजे करडी पेरायच्या टायमाला," ती म्हणाली. "ध्यानात ऱ्हाईल. आमी हावोत, आन् पत्ता बी हाच हाय."

ऊन उतरलं होतं. पिकावर आंबील शिंपडायची राहिली होती. हे काम घरच्या कर्त्या पुरुषाचं, म्हणून मृत्युंजय सवयीने बिंदगीकडे वाकला. शांतम्माने ती आधीच उचलून सुकन्याच्या कडेवर दिली. मृत्युंजय वाकलेला सरळ झाला, बायकोकडे बघितलं, आणि कडुलिंबाचा डहाळा मोडून तिच्या हातात दिला. शिंपडायला तो लागतोच.

सुकन्या पुढे निघाली. करडीला अजून फूल नव्हतं, नुसते हिरवे काटे होते. ती लुगड्याचा ओचा वर खोचून सरळ त्यातूनच चालू लागली.